विद्युत्कणांच्या वाटेवरील जकात



तारेंतून वीज वाहूं लागली कीं तार तापते, हें घरोघरीं ठाऊक आहे. या तापण्यांत आपल्या कारागिरीचा दोष किती आणि निसर्गाचा नियम किती, हें उकलावयास मात्र दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. तो इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

१८२७ सालीं गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें विजेच्या रोधाचा नियम प्रसिद्ध केला. तार जितकी लांब तितका रोध अधिक. जितकी जाड तितका तो कमी. १८९७ सालीं जे. जे. टॉमसन यांनीं विद्युत्कण शोधून काढला, आणि १९०० सालीं पाउल द्रूडे यांनीं रोधाची उपपत्ति सांगितली: धातूंतून धांवतांना हे कण वारंवार आदळतात. तेव्हां तार इतकी आंखूड व शुद्ध केली कीं कणाला कोठेंच ठेंच लागूं नये, तर रोधही नाहींसा होईल, असें कोणासही वाटावें.

ही समजूत पालटणारे रॉल्फ लँडाउअर १९२७ सालीं स्टुटगार्ट येथें एका ज्यू कुटुंबांत जन्मले, १९३८ सालीं अमेरिकेस गेले आणि पुढें आय. बी. एम. कंपनींत संशोधक झाले. १९५७ सालीं त्यांनीं प्रश्नच निराळ्या रीतीनें मांडला. वाहकाशीं आलेल्या कणांपैकीं पलीकडे किती जातात व मागें किती फिरतात, हें पाहावें, असें ते म्हणाले.

या विचाराचें फळ १९८८ सालीं दिसलें. हॉलंडांतील डेल्फ्ट व इंग्लंडांतील केंब्रिज येथील संशोधकांनीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, अतिशीत अर्धवाहकांत विद्युत्कणांसाठीं अत्यंत अरुंद वाट केली. ती रुंदावत नेली, तशी वाहकता समान पायऱ्यांनीं वाढत गेली. पहिल्या पायरीवर रोध सुमारें १२,९०६ ओहम भरतो. वाट निर्दोष असली तरी तो उरतोच. कारण रुंद मैदानांतून खिंडींत शिरणें हीच अडचण होय. उष्णता निघते तीही टोकांच्या रुंद प्रदेशांत.

गणकयंत्राविषयींही लँडाउअर यांनीं असाच प्रश्न विचारला: गणिताला कमींत कमी किती उष्णता लागते? १९६१ सालीं त्यांनीं उत्तर दिलें. आकडे मांडण्यास नव्हे, तर मांडलेले पुसण्यास ही किंमत पडते. 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच सांगणारी एक खूण, म्हणजे एक बिट, पुसली कीं उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. एका ज्यूलचे एकावर एकवीस शून्यें इतके भाग केले, तर नेहमींच्या तपमानांत ती किमान तीन भागांच्या जवळपास येते. कांहींच न पुसतां, सावकाश गणित केल्यास ही जकात टाळतां येईल, असें चार्ल्स बेनेट यांनीं १९७३ सालीं दाखविलें. २०१२ सालीं फ्रान्समधील लियों येथें एका सूक्ष्म मण्यावरील प्रयोगांत ही मर्यादा प्रत्यक्ष पडताळून पाहण्यांत आली. तें पाहावयास लँडाउअर नव्हते. १९९९ सालीं ते निवर्तले होते.

आजचीं यंत्रें दर खुणेमागें या किमान मोलाच्या कित्येक पट शक्ति खर्चितात. म्हणजे त्यांचें तापणें बहुतांशीं अद्यापि आपल्याच कारागिरीच्या पदरीं पडतें, आणि म्हणूनच सुधारणेस पुष्कळ वाव आहे.