टिल्ट! (आणि चार चाकं)

विंडोज एक्सपीवर 'स्पेस कॅडेट' नावाचा पिनबॉल यायचा, आठवतोय? झेड दाबला की डावा फ्लिपर, स्लॅश दाबला की उजवा. आणि एक्स दाबला की टेबलाला धक्का. हे धक्के जास्त झाले की "टिल्ट" असं लिहून यायचं, फ्लिपर मरायचे आणि चेंडू डोळ्यांदेखत खाली निघून जायचा. पाचवीच्या सुट्टीत मी हा गेम आईच्या शिव्या खाऊन खेळलोय. टिल्ट म्हणजे काय हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं. वाटायचं, गेममध्ये बग आहे!

(बग खरा निघाला तो पुढे. व्हिस्टात हा गेम का नव्हता याची गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी नंतर सांगितली. कोड ६४ बिटवर नेल्यावर चेंडू वस्तूंमधून भुतासारखा आरपार जायला लागला, आणि जुना, कॉमेंट नसलेला कोड कोणालाच कळेना. शेवटी गेमच काढून टाकला. कोणाकोणाला आपापला प्रोजेक्ट आठवला, हात वर करा.)

तर टिल्टचा खरा अर्थ मला कळला गेल्या महिन्यात, ऑनसाइट आल्यावर, शिकागोच्या एका उपनगरात, अंगठा सुजवून घेतल्यानंतर. माझ्या रूममेटने एका आजोबांकडून जुनं पिनबॉल मशीन विकत घेतलं. १९७० च्या दशकातलं, गॉटलीब कंपनीचं, आतमध्ये एकही चिप नाही, नुसते रिले आणि कॉइल. मशीन शंभर किलोच्या वर. "चार चाकं लावू रे, ढकलत नेऊ, त्यात काय!" इति रूममेट. दोघेही इंजिनिअर. दोघांनाही पटलं.

आता जरा मागे जाऊ.

पिनबॉलचा पूर्वज म्हणजे बॅगाटेल, अठराव्या शतकातल्या फ्रान्सचा. उतरतं टेबल, त्यात खिळे आणि भोकं, काठीने चेंडू मारायचा. १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने काठीच्या जागी स्प्रिंगचा प्लंजर बसवून पेटंट घेतलं. पण धंदा खरा फुगला तो महामंदीत. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने 'बॅफल बॉल' काढला. किंमत साडेसतरा डॉलर, एका सेंटमध्ये मूठभर चेंडू. नोकऱ्या गेलेल्या लोकांना एवढी स्वस्त करमणूक दुसरी कुठे मिळणार? पन्नास हजारांच्या वर मशीनं खपली.

यातली गंमत बघा. हा बॅफल बॉल दुकानाच्या काउंटरवर ठेवायचा होता. म्हणजे हलवायचा प्रश्नच नाही, काखोटीला मारायचा आणि निघायचं. १९३२ पासून मशीनांना पाय फुटले. आणि पाय फुटल्याबरोबर लोक त्यांना हलवायला लागले. म्हणजे इकडून तिकडे न्यायला नाही हो, खेळताना! चेंडू नको त्या भोकाकडे निघाला की मशीनच्या पोटाला खालून थापड मारायची, नाहीतर उचलून उतारच बदलायचा.

इथे आपले एक बिरादर येतात, हॅरी विल्यम्स. स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. त्याच्या एका मशीनला लोक खालून थपडा मारताना बघून त्याने पहिला उपाय काय केला? मशीनच्या तळातून टोकं बाहेर येतील असे खिळे ठोकले! मारा थापड. नंतर त्यालाच ते फार क्रूर वाटलं. मग त्याने एका छोट्या खांबावर गोळी ठेवली. मशीन जोरात हललं की गोळी पडणार आणि खेळ खलास. एका गिऱ्हाइकाच्या तोंडून "अरे, टिल्ट झालं" असं निघालं आणि नाव चिकटलं, असं सांगतात. पुढे गोळी जाऊन लंबक आला. गवंडी वापरतात ना ओळंबा, अगदी तसाच. एका धातूच्या कड्यात लोंबकळणारा ओळंबा, कड्याला टेकला की सर्किट पूर्ण. हा ओळंबा आजही नव्या मशीनांत असतो. नव्वद वर्षं झाली, प्रॉडक्शनमध्ये आहे!

म्हणजे या यंत्राचा एक मोठा भाग 'मला हलवू नका' एवढंच सांगण्यासाठी बनलाय. ही गोष्ट आम्हाला चाकं घ्यायला जायच्या आधी कळली असती तर बरं झालं असतं.

हलवायचं काम मात्र कोणीतरी करतच होतं. मशीन बारवाल्याच्या मालकीचं नसायचं. ऑपरेटर नावाचा माणूस दहा-वीस ठिकाणी मशीनं ठेवायचा, नाणी काढायला यायचा, वाटणी करायचा. एका ठिकाणच्या लोकांना कंटाळा आला की मशीन उचलून दुसरीकडे. म्हणून पाय सुटे करता येतात, प्रत्येक पायाला दोन बोल्ट, एकूण आठ, आणि तेही बाहेरून. सामान नेण्याची दोनचाकी ट्रॉली आणि दोन धट्टीकट्टी माणसं, एवढंच त्यांचं तंत्रज्ञान. चाकं कारखान्यातून आली नाहीत कारण विकत घेणाऱ्याला ती नकोच होती. मशीन जमिनीला घट्ट उभं राहिलं तरच त्याचे पैसे सुटणार.

१९४२ च्या जानेवारीत एका वेगळ्याच पद्धतीने मशीनं हलली. न्यूयॉर्कचा मेयर ला गार्डियाच्या मते पिनबॉल म्हणजे जुगार, आणि पोरांच्या खिशातले पैसे काढायचा धंदा. बंदी आली. पोलिसांनी हजारो मशीनं उचलली, घण घालून फोडली. मेयरसाहेब स्वतः हातात घण घेऊन फोटोत आहेत. जुगार हा आरोप अगदीच खोटा नव्हता. तेव्हा फ्लिपर नव्हते ना! ते आले १९४७ साली, गॉटलीबच्याच 'हम्प्टी डम्प्टी'त, हॅरी मॅब्सच्या डोक्यातून. त्याआधी खेळणाऱ्याच्या हातात प्लंजर आणि धक्के, एवढंच. धक्का हेच कौशल्य, आणि त्यालाच टिल्टचा लगाम. फ्लिपर आले तरी बंदी काही उठली नाही. न्यूयॉर्कमध्ये ती ३४ वर्षं टिकली. खुद्द शिकागोत, जिथे ही मशीनं बनायची, तिथेही बंदी होती.

१९७६ साली रॉजर शार्प नावाचा मासिकात लिहिणारा पोरगा न्यूयॉर्कच्या नगर परिषदेसमोर उभा राहिला. हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे हे सिद्ध करायला. त्यासाठी दोन मशीनं तिथे आणली होती, एक खेळायचं आणि एक बिघाड झाला तर म्हणून. एका सदस्याला संशय आला की पहिल्यात काहीतरी गडबड आहे, म्हणून त्याने दुसऱ्यावर खेळायला लावलं. शार्पने आधी सांगितलं, चेंडू मधल्या मार्गातून जाईल. प्लंजर ओढला, सोडला. चेंडू मधूनच गेला. बंदी उठली. यात मी एकच विचार करतो. ते दुसरं मशीन कोणी उचलून आणलं असेल? त्याचं नाव कुठेच येत नाही, पण त्याने कंटाळा केला असता तर?

नंतरचं भराभर सांगतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी चिप आल्या, मग व्हिडिओ गेम आले, मग १९९२ साली 'अ‍ॅडम्स फॅमिली' वीस हजारांवर खपून सगळ्यांना वाटलं सुगीचे दिवस परत आले. १९९९ साली विल्यम्स कंपनीने पिनबॉल बंदच करून टाकलं. जुनी मशीनं बारमधून लोकांच्या तळघरांत गेली. आणि इथेच चाकांचा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्माला आला. घरच्या मालकाकडे धट्टीकट्टी माणसं नसतात. त्याला मागे पडलेली मांजर काढायची असते, झाडू मारायचा असतो.

आमच्या चाकांकडे येतो. पायाच्या तळाशी उंची कमीजास्त करायचा स्क्रू असतो. तो काढून त्याच आट्यांत बसणारी चाकं मिळाली. बसवली. सिमेंटच्या ड्राइव्हवेवर काय झकास चाललं! मग दोन लाद्यांमधली फट आली. पुढचं चाक अडकलं, मशीन पुढे यायला निघालं, मी हात घातला (अंगठा!) आणि 'कड्' असा आवाज झाला.

हिशोब नंतर केला. पाय साधारण २८ इंचाचा. वरच्या दोन बोल्टमधलं अंतर जेमतेम दोन-सव्वादोन इंच. चाकाला आडवा झटका बसला की बोल्टवर दहापटीहून जास्त ताण. पायाचा पत्रा उभं वजन झेलायला बनवलाय, आडवा मार खायला नाही. पन्नास वर्षं टिकलेलं लाकूड कोपऱ्यात उभं चिरलं. सेकंड इयरच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या सरांना हे कळलं तर डिग्री परत मागतील.

आजोबा काही बोलले नाहीत. आत गेले, पाना आणि लाकडाचा गोंद घेऊन आले. आधी चेंडू काढायला लावला, मग वायरचे प्लग सुटे करून बॅकबॉक्स उतरवला. मागचे पाय काढले, मशीन मागच्या बाजूवर उभं केलं, पुढचे पाय काढले. त्यांच्याकडे दोनचाकी ट्रॉली होती, पट्ट्याने बांधलं आणि एकट्याने ढकलत गाडीपर्यंत नेलं. वय बहात्तर. "चाकं मशीनला नाही लावायची, मशीनखाली घालायची," एवढंच म्हणाले. चिरलेल्या कोपऱ्याचे पैसे ते कमी करत होते. रूममेटने नाही घेतले.

घरी आल्यावर कोपरा क्लॅम्प लावून दोन दिवस सुकवला. आता पायांखाली फेल्टच्या गाद्या आहेत. फरशीवर एकटा माणूस भिंतीपासून हळूहळू सरकवू शकतो, आणि खेळताना हलत नाही. पाणसळ लावून उतार नीट केला, ओळंबा कड्याच्या मधोमध आणला.

पहिला गेम रूममेटचा. तिसऱ्या चेंडूला धक्का जरा जास्त झाला. टिल्ट.