हस्तोपचार, जुनाट कंबरदुखीवरील
हस्तोपचार, जुनाट कंबरदुखीवरील : बारा आठवड्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीत प्रशिक्षित उपचारकाने मणक्यांचे सांधे व भोवतालचे स्नायू हातांनी हाताळून वेदना कमी करण्याची पद्धती.

हाडे बसवण्याची कला प्राचीन आहे. आजच्या पद्धती मात्र अमेरिकेत आकारास आल्या. अँड्र्यू टेलर स्टिल यांची ऑस्टिओपॅथी १८७४ ची, डॅनिएल डेव्हिड पामर यांची कायरोप्रॅक्टिक १८९५ ची. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी मणक्यांवरील ग्रंथाद्वारे (१९६४) हे तंत्र भौतिकोपचारात रुजवले [→ भौतिकोपचार].

मेटलंड पद्धतीत रुग्ण पालथा झोपतो. उपचारक अंगठ्यांनी किंवा तळहाताच्या कडेने कमरेच्या मणक्यावर लयबद्ध दाब चढत्या श्रेणींनी देतो. पहिल्या दोन श्रेणींचा दाब वेदनेसाठी, तिसऱ्या-चौथीचा ताठरपणासाठी. त्यापुढे अल्प पल्ल्याचा वेगवान झटका असतो. झटक्यासरशी येणारा ‘कट्’ आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो. सरकलेला मणका जागेवर बसला, हा समज निराधार आहे. आराम मुख्यतः चेतासंस्थेच्या प्रतिसादातून मिळतो, असे मानतात [→ तंत्रिका तंत्र].

गुण माफक व बहुधा अल्पकालीन असतो. म्हणून ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत व्यायामाच्या जोडीनेच हे उपचार सुचवले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेतही त्यांना स्थान आहे. अस्थिभंग, अर्बुद, जंतुसंसर्ग वा तीव्र अस्थिविरलता असल्यास झटक्याचे उपचार वर्ज्य होत [→ अस्थिविरलता]. कंबरदुखीसोबत मलमूत्रावरील ताबा सुटल्यास तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.