पाटी रंगवली की गिऱ्हाईक वाढते?

भिवपुरी हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. लोकलचे स्थानक गावापासून दूर, म्हणून पाटीवर ‘भिवपुरी रोड’. पत्ता सांगायची ही जुनी रेल्वेरीत. आता इथल्या धबधब्याला आलेला माणूस खानावळ गुगलवर शोधतो. तिथल्या व्यवसायनोंदीत पोस्ट टाकायची सोय २०१७ मध्ये आली आणि रोज काहीतरी टाकले की दुकान वर येते, असा समज पसरला. गुगल मात्र क्रमाचे मुख्य निकष तीनच सांगते: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. नेमाने पोस्ट टाकणारे वर दिसतात, हे खरे. पण तेच मालक बहुधा वेळा, फोटो, अभिप्रायांना उत्तरे हेही सांभाळतात. मग श्रेय एकट्या पोस्टला कसे द्यायचे? पावसाळ्यात धबधब्यावर बंदी लागली की ‘आज बंद’ एवढे जरूर टाका; क्रमांकासाठी रोजचा खटाटोप नको.