बुऱ्हाणपूरची सहल : दोन मुक्कामांचा बेत

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्याला लागून, तापीच्या तीरावर बुऱ्हाणपूर वसले आहे. अजिंठा-वेरूळपर्यंत जाणारे गोमंतकीय पर्यटक पुष्कळ आहेत. तेथून पुढे या शहरात उतरणारे थोडे. जे येतात त्यांपैकी बरेचजण इंदूर-ओंकारेश्वरच्या वाटेवर तीन-चार तास थांबतात, मुमताज महलची कथा ऐकतात आणि निघतात. एवढ्या वेळात हाती लागते ती कथाच, शहर नव्हे. दोन मुक्काम शक्य नसतील तर बुऱ्हाणपूरचा बेत पुढे ढकललेला बरा.

खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी. नासिर खान फारुकीने ती वसवली आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव तिला दिले. नदीच्या पलीकडील झैनाबादला त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांचे नाव मिळाले. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला, फारुकी राज्य संपले आणि बुऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन मोहिमांचे मुख्य ठाणे झाले. या घटनेशी गोव्याचाही धागा जुळलेला आहे. वेढ्याच्या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यातील पाद्री जेरोनिमो झेवियर अकबराच्या छावणीत होते. गड पडल्यावर अकबराने गोव्याच्या पोर्तुगीज सरकारकडे वकील धाडले. त्यांच्यासोबत बेंतु द गोइश हा जेझुइट धर्मबंधू गोव्याला परतला. पुढे मध्य आशियातून चीनच्या सीमेपर्यंत खुष्कीने गेलेला प्रवासी तो हाच.

पहिला दिवस नदीकाठासाठी राखावा. तापीच्या काठावरील शाही किल्ला सकाळी लवकर पाहावा, कारण त्यातील हमामाच्या छतावरील चित्रे पाहण्यास तेव्हाचा उजेड बरा पडतो. वेलबुट्टी आणि भौमितिक आकृत्यांचे रंग काही भागांत अजून ताजे वाटतात, काही ठिकाणी गिलाव्यासह गळून गेले आहेत. छतावरील एक आकृती म्हणजे ताजमहालाचा पहिला आराखडा होय, असे वाटाडे सांगतात. ते गोष्ट म्हणून ऐकावे. पाणी आणण्याच्या नळांची आणि हौदाची रचना मात्र बारकाईने पाहावी; दुसऱ्या दिवशी तिचा संदर्भ लागतो.

मुमताजचे निधन १७ जून १६३१ रोजी याच शहरात, चौदाव्या बाळंतपणात झाले. झैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पार्थिव आग्र्याला नेण्यात आले. पैलतीरावरील आहुखाना हा मृगयावनाचा परिसर या आठवणीसाठी दाखवला जातो. तेथे भव्य असे काही उरलेले नाही. वेळ कमी असेल तर हेच स्थळ वगळावे. कथेसाठी आलेल्यांना हा सल्ला रुचणार नाही, तरीही.

त्याऐवजी गावातील जामा मशिदीला तासभर द्यावा. राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली. आत अरबी लेखाच्या जोडीला देवनागरी अक्षरांतील संस्कृत शिलालेख आहे. विक्रम संवत १६४६ चा हा लेख सृष्टिकर्त्याला वंदन करून सुरू होतो आणि फारुकी राजांची वंशावळ देतो. मशिदीतील संस्कृत लेख भारतात फार विरळा. मराठी वाचकाला त्यातील बरीच नावे आणि तिथी सहज लावता येतात. अकबराच्या विजयाचा फारसी लेखही येथेच आहे. शुक्रवारी दुपारची वेळ टाळावी आणि अंग झाकणारे कपडे घालावेत.

दुपारी उतावळी नदीकाठच्या कबरी पाहाव्यात. अब्दुर्रहीम खानखानाचा पुत्र शाहनवाज खान याची कबर ‘काळा ताजमहाल’ म्हणून ओळखली जाते. शाह शुजाच्या बेगमेची कबर आकाराने लहान, खरबुजासारख्या घुमटाची. पण आतील रंगकाम पाहून थबकायला होते. फ्लॉरेन्सला जाणारा पर्यटक उफ्फिझी संग्रहालयाचे तिकीट आठवडेच्या आठवडे आधी काढतो आणि तरीही गर्दीतून चित्रे पाहतो. येथे बहुधा एकट्यानेच उभे राहता येते. अडचण निराळीच असते : दाराला कुलूप असू शकते. पहारेकरी जवळपासच असतो, त्याला हाक मारून दार उघडून घ्यावे. भिंतीला हात लावू नये, कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये.

संध्याकाळ तापी-मोहना संगमावरील बोहरडा गावी काढावी. पुरंदरच्या तहामुळे महाराष्ट्राच्या आठवणीत राहिलेले मिर्झाराजे जयसिंग दख्खनहून परतताना १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ संगमावर ३२ खांबांची छत्री उभी आहे. त्यांच्या तोफखान्यात काही काळ नोकरी केलेला व्हेनिसचा निकोलाव मनुची पुढे गोव्यात आला आणि संभाजीराजांच्या स्वारीच्या वेळी पोर्तुगिजांच्या वतीने बोलणी करण्यास गेला होता. संभाजीराजांच्या राज्यारोहणानंतर लगेच, १६८१ च्या प्रारंभी, मराठी फौजेने याच बुऱ्हाणपूरची बहादूरपुरा पेठ लुटली. त्याच वर्षी औरंगजेब येथे येऊन ठेपला.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी असीरगड गाठावा. शहराच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर, इंदूरच्या रस्त्यालगत तो आहे. दख्खनचा दरवाजा हे त्याचे नाव का पडले, ते माथ्यावरून सातपुड्याची खिंड पाहिली की कळते. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये तो पेशव्यांकडे आला, मग शिंद्यांकडे. १८१९ मध्ये इंग्रजांनी तो कायमचा घेतला. माथ्यावरील महादेवाच्या देवळात अश्वत्थामा रोज पूजेला येतो, अशी श्रद्धा आहे. पाणी आणि खाणे सोबत न्यावे.

दुपारी लालबागजवळचा कुंडी भंडारा. लोक त्याला खूनी भंडाराही म्हणतात. सतराव्या शतकाच्या आरंभी खानखानाच्या कारकिर्दीत, इराणातील कनातीच्या धर्तीवर, सातपुड्यातून जमिनीखाली झिरपणारे पाणी भुयारांत अडवून केवळ उतारावर शहरापर्यंत आणले गेले. शंभराहून अधिक कुंड्या एका रांगेत विहिरींसारख्या दिसतात आणि तळाशी भुयाराने जोडलेल्या आहेत. एका कुंडीतून लिफ्टने खाली उतरता येते. ती चालू आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. खाली गुडघाभर, थंडगार पाणी असते, म्हणून चपला आणि गुंडाळता येतील असे कपडे हवेत. दम्याचा किंवा बंद जागेचा त्रास असणाऱ्यांनी वरूनच पाहावे.

मार्च २०२४ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत आले. पण भुयारांच्या भिंतींवर चुन्याचे थर साचत आहेत, आणि पाणी जेथे मुरते त्या डोंगरांवरील जंगलतोड २०२३ मध्ये देशभर गाजली. जुलै २०२२ मध्ये घरोघरी नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा देशातील पहिला जिल्हा बुऱ्हाणपूरच होता. नळ घरात आला, तेव्हा जुन्या भुयाराची देखभाल कोणाची, हा प्रश्न येथे आलेल्या प्रत्येकाच्या मनात उठतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांनी होळीच्या तारखेकडे लक्ष ठेवावे. होळीच्या आधीच्या आठवड्यात जिल्ह्यातील डोंगराळ भागात, धूलकोटसारख्या गावी, भगोरिया हाट भरतो. बारेला, भिलाला कुटुंबे सणाच्या खरेदीला येतात, ढोल-मांदळ वाजतात. हा प्रेमविवाहांचा बाजार नव्हे. तशा समजुतीने कॅमेरा रोखणाऱ्यांचा तेथील लोकांना वीट आला आहे. विचारल्याविना छायाचित्र काढू नये.

गोव्याहून वास्को-निजामुद्दीन गोवा एक्सप्रेसने भुसावळला उतरावे. तेथून खांडव्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने बुऱ्हाणपूर तासाभरावर येते. विमानाने जायचे तर इंदूर सुमारे १८० किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मे मधील निमाडचे ऊन किनाऱ्यावरच्या माणसाला सोसत नाही. अजिंठा जोडून घ्यायचा असल्यास लेणी सोमवारी बंद असतात, हे धरून दिवस लावावेत. भाषेची अडचण नाही : बाजारात मराठी चालते. रावेरप्रमाणेच येथेही केळीच्या बागा दूरवर पसरलेल्या आहेत. परतीच्या डब्यात माव्याची जिलबी टिकत नाही, दराबा टिकतो.