बोरघाटातले सुरुंग आणि बदललेला माणूस

मराठीत दोन वाक्प्रयोग शेजारीशेजारी नांदतात: ‘डोक्याला मार लागला’ आणि ‘डोक्यावर परिणाम झाला’. पहिल्याला आपण डॉक्टरकडे नेतो. दुसऱ्याला देवऋषीकडे, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, आणि तेही बुद्धी शाबूत राहून केवळ स्वभावापुरते, ही जाण वैद्यकाला आली ती ज्या अपघातामुळे, तो रेल्वेसाठी खडक फोडताना घडला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत तेच काम मावळच्या उंबरठ्यावर, बोरघाटात, कितीतरी मोठ्या प्रमाणावर सुरू होते. तिथल्या मजुरांविषयी मात्र आपल्याला यातले काहीच ठाऊक नाही. का, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात कॅव्हेंडिश गावाजवळ फिनिआस गेज हा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंगाच्या भोकात दारू ठासत होता. ठिणगी पडली आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. तो जगला, चालता-बोलता राहिला. परंतु ज्या कंत्राटदारांचा तो भरवशाचा माणूस होता, त्यांनी त्याला पुन्हा त्या जागी घेतले नाही. शिवराळ, लहरी, ठरवलेले तडीस न नेणारा असा तो झाला होता. ओळखीच्यांना तो जुना गेज वाटेना. जॉन हार्लो या गावच्या डॉक्टराने आधी 1848 मध्ये जखमेची हकीकत लिहिली आणि वीस वर्षांनी, 1868 मध्ये, माणसाची.

आता इकडे यावे. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंतच्या रेल्वेचढाचे काम 1856 मध्ये सुरू झाले आणि 1863 च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे, सारा काळा कातळ. पहारीने भोक पाडायचे, दारू ठासायची, वात पेटवून दूर पळायचे. जिथे उभे राहायला जागा नाही तिथे माणसे दोरांनी कड्यावरून खाली सोडलेली. 1861 च्या सुमारास या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. आठ वर्षांतील मृत्यूंचा अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास सांगितला जातो. त्यांतले बहुतेक पटकीसारख्या रोगांनी गेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदारही 1859 मध्ये आल्यानंतर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरे केले. तिचे नाव उरले. मजुरांतला एकही गेज आपल्याला माहीत नाही, आणि तसा कोणी झालाच नसेल यावर विश्वास बसत नाही.

आमच्या मते कारण केवळ साहेबाच्या अनास्थेत शोधून भागणार नाही. मोडलेला पाय पाहणाऱ्याला दिसतो. ललाटामागच्या मेंदूची इजा तशी दिसत नाही. ती ‘आधीचा माणूस’ आणि ‘नंतरचा माणूस’ यांच्यातल्या अंतरात असते. म्हणून तिच्या नोंदीला असा साक्षीदार लागतो ज्याने दोघांनाही पाहिले आहे आणि ज्याच्या हाती लेखणी आहे. गेजला हार्लो भेटला आणि मुलाची कवटी तपासायला संमती देणारी आईही भेटली. घाटातले मजूर दूरदूरहून आलेले, बरेचसे हंगामी. बायकापोरे सोबत असत. त्यांनी बदल पाहिलाच असणार. पण त्यांची साक्ष नोंदवायला कोणी आले नाही.

वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरातही ती सापडण्याची आशा कमी. 1858 च्या कायद्याने माणसाला तिथे पाठवण्याची रीत ठरली आणि वेडाचे कारण बरेचदा पोलीस वा मॅजिस्ट्रेटच्या कागदावरून उतरवले जाई. 1893-94 च्या गांजाविषयक आयोगाने या नोंदी तपासल्या तेव्हा ‘गांजा’ हे कारण कित्येकदा पुराव्याविना लिहिल्याचे आढळले. ज्याच्या पूर्वायुष्याचा पत्ता नाही, त्याच्या रकान्यात सोयीचे कारण जाते.

लोकस्मृतीने घाटातला एकच माणूस जपला, तो शिंग्रोबा. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा आणि मोबदल्यात जीव गमावणारा हा धनगर आख्यायिकेतला आहे, इतिहासातला असेलच असे नाही. त्याच्या देवळासमोर आजही गाडीवाले नाणे टाकतात.

गेजच्या कथेचा उत्तरार्ध मात्र पाठ्यपुस्तके सहसा गाळतात. 1852 मध्ये तो चिलीला गेला आणि तिथे काही वर्षे घोड्यांची टपालगाडी हाकत राहिला. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकाने याकडे लक्ष वेधले आहे: रोज ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेले प्रवासी. बाहेरच्या या चौकटीने आतल्या मोडलेल्या चौकटीची उणीव भरून काढली असावी. तसे असेल, तर नकळत झालेला तो उपचारच होता. आजचे पुनर्वसन याहून फार निराळे सांगत नाही: दिवसाची आखणी, विस्मरणासाठी वही, कामाचे छोटे तुकडे; आणि घरच्यांना हे समजावणे की हा संताप किंवा ही जडता इजेचा भाग आहे, माजोरीपणा वा आळस नव्हे. इजेनंतर नैराश्य पुष्कळदा येते. त्यावर औषध द्यावे लागते. आक्रमकपणासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे वापरतात, त्यांचा पुरावा मर्यादित आहे. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांबाबत हात आखडता ठेवतात, कारण मेंदूच्या सावरण्यात त्यांचा अडथळा होईल अशी शंका आहे.

रशियन वैद्य लुरिया यांचा झासेत्स्की हा रुग्ण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा. 1943 मध्ये युद्धात डोक्यात गोळी लागलेला हा सैनिक वाचन विसरला, तरी वीसहून अधिक वर्षे रोज थोडे लिहीत राहिला. तो स्वतःच स्वतःचा साक्षीदार झाला. त्याची इजा मेंदूच्या मागल्या भागात होती. ललाटाची इजा झालेल्याला बहुधा आपला बदल जाणवतच नाही. ती जाणीवच जखमी असते.

2002 पासून द्रुतगती मार्ग याच घाटातून जातो. अपघातानंतरच्या कागदांवर टाके, रक्तस्राव, स्कॅन यांची नोंद होते. सहा महिन्यांनी बायको सांगते, ‘हे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत’. त्यासाठी कागदावर रकाना नसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत आघातजन्य मेंदू-इजा स्वतंत्र नावाने नाही. प्रमाणपत्र हवे तर हालचालीचे, वाचेचे किंवा ‘मानसिक आजारा’चे दार ठोठवावे लागते, आणि तिथेही माणूस आधी कसा होता हे घरच्यांनाच सांगावे लागते.