पान उघडण्याचा वेग, मराठी विकिपीडियावरील

पान उघडण्याचा वेग : दुव्यावर बोट ठेवल्यापासून मुख्य मजकूर नजरेस पडेपर्यंत किती वेळ जातो, यावरून ठरणारे संकेतस्थळाचे माप. हा वेळ तीन ठिकाणी खर्च होतो : मागणी सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यात, सर्व्हरवर पान तयार होण्यात आणि ते वाचकाच्या यंत्रावर उतरून मांडले जाण्यात. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या प्रणालीवर चालतो. त्यावरील ‘कुर्डुवाडी’सारखे एखाद्या गावाचे पान याच तीन टप्प्यांतून वाचकापर्यंत पोहोचते.

अंतर : विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाची मुख्य डेटा केंद्रे अमेरिकेत व्हर्जिनिया व टेक्सास येथे आहेत. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किमी. जातो. कुर्डुवाडी ते व्हर्जिनिया हे सरळ अंतर सुमारे १३,००० किमी. असल्याने एका फेरीलाच किमान ०.१३ सेकंद लागतो. शिवाय सुरक्षित जोडणी जुळेपर्यंत अशा अनेक फेऱ्या होतात. २०१८ साली सिंगापूर येथे पानांच्या तयार प्रती ठेवणारे साठवण केंद्र सुरू झाले. तेथपर्यंतचे सरळ अंतर सुमारे ३,६०० किमी. असून फेरीचा किमान वेळ ०.०४ सेकंदाच्या आत येतो.

सिद्ध पान : संपादक लिहितो तो विकिमजकूर ब्राउझरला जसाच्या तसा कळत नाही, साचे (अनेक पानांत वापरायचे तयार तुकडे) उलगडून त्याचे एचटीएमएल करावे लागते. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाल्यावर रुंदमापी गाडीतला माल कुर्डुवाडीला उतरवून ७६२ मिमी. रुंदीच्या अरुंदमापी मार्गावरील डब्यांत भरावा लागे, तसेच हे काम आहे. मात्र विकीवर एकदा केलेली ही भराई जपून ठेवता येते. सदस्य म्हणून प्रवेश न केलेल्या वाचकाला सहसा साठवणीतली तयार प्रत मिळते. प्रवेश केलेल्या सदस्याचे पान त्याच्या पसंतीनुसार नव्याने जुळवले जाते. तरी लेखाचा उलगडलेला भाग सहसा वेगळ्या साठ्यातून येतो. हजारो पानांवर वापरलेला साचा बदलला, की त्या सर्व पानांची साठवण जुनी ठरते.

२०१३ साली विकिपीडियावर लुआ भाषेतील विभाग आल्याने गुंतागुंतीचे साचे जलद उलगडू लागले. २०१४ साली मीडियाविकीची पीएचपी भाषा चालवण्यासाठी एचएचव्हीएम ही प्रणाली वापरात आल्यावर पान जतन होण्याचा वेळ जवळपास निम्म्यावर आला. पुढे २०१९ साली पीएचपी ७ ने त्याची जागा घेतली.

देवनागरीचे वजन : यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, काना, वेलांटी, उकार आणि हलन्त स्वतंत्र धरले जातात. त्यामुळे ‘कुर्डुवाडी’ या शब्दात १० चिन्हे व ३० बाइट होतात. रोमन लिपीत हेच नाव नऊ बाइटांत मावते. पानाच्या पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जात असल्याने एवढ्या नावाला ९० चिन्हे लागतात. पाठवताना मजकूर जीझिप पद्धतीने आवळला जात असल्याने हा फरक बराच कमी होतो. परंतु साचे उलगडण्याची २ एमबीची कमाल मर्यादा बाइटांत मोजली जाते, म्हणून देवनागरी मजकुराचे साचे ती लवकर गाठतात. मर्यादा ओलांडल्यावर उरलेले साचे उलगडत नाहीत, त्यांच्या जागी केवळ दुवे दिसतात.

संपादकाचा वाटा : सर्व्हर आणि केंद्रे संपादकाच्या हाती नसतात, पानाचा भार मात्र असतो. चित्राला ‘इवलेसे’ हा शब्द जोडला, की मूळ मोठ्या छायाचित्राऐवजी लहान प्रत पाठवली जाते. चित्र-दालने, रेल्वेमार्गांचे आराखडे आणि एकात एक गुंतलेले सुचालन साचे पान जड करतात. लांब याद्या स्वतंत्र लेखात हलवल्याने मूळ पान हलके होते. संपादनाच्या झलकेखाली पान उलगडण्यास लागलेला वेळ व साच्यांचा आकार दाखवला जातो. बदल प्रकाशित करण्यापूर्वी ते आकडे पाहिल्यास कोणता साचा जड पडतो, याचा अंदाज येतो.