इंटेलवरून एएमडीवर : चालतं मशीन हलवण्याचा छोटा इतिहास

आमच्या खोपोली-कर्जत पट्ट्यात बँकर म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागे जादा इंजिनं लागतात, मग ती घाट चढते. आता कल्पना करा, गाडी न थांबवता, प्रवाशांना कळूही न देता तिचं मूळ इंजिनच बदलायचं, आणि तेही दुसऱ्या कंपनीचं लावायचं! सर्व्हरच्या दुनियेत नेमकं हेच करून बघितलं गेलं आहे.

प्रोसेसरची कंपनी बदलणं तसं नवं नाही. पुण्याच्या सी-डॅकचे परम महासंगणक बघा. १९९१ चा परम ८००० इनमॉसच्या ट्रान्सप्युटरवर होता, १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर, पुढे परम पद्म आयबीएमच्या पॉवर-४ वर आणि २००८ चा परम युवा इंटेलवर. पण तिथे नव्या यंत्रावर जायचा तो लिहिलेला प्रोग्राम. तो पुन्हा कंपाइल करा, लागेल तिथे बदला आणि पहिल्यापासून चालवा. मधेच, चालू अवस्थेत उचलून न्यायचा नव्हता.

व्हर्च्युअल मशीनने ही अपेक्षा बदलली. एका खऱ्या सर्व्हरवर हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर अनेक आभासी संगणक चालवतं. २००३ मध्ये व्हीएमवेअरने व्हीमोशन आणलं आणि असा संगणक चालू असताना दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येऊ लागला. २००५ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी झेन या हायपरव्हायजरवरची पद्धत मांडली. मशीन चालू ठेवूनच मेमरीची नक्कल करायची, तेवढ्यात जी पानं बदलली ती पुन्हा पाठवायची, आणि शेवटी क्षणभर थांबून उरलेलं न्यायचं. क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर त्यांनी हलवला, तेव्हा खंड पडला फक्त ६० मिलिसेकंदांचा.

मग अडतं कुठे? मेमरी जाते हो, पण मशीनने सुरुवातीला धरलेला समज बदलत नाही. सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम सीपीयूआयडी ही सूचना वापरून प्रोसेसरला विचारते, ‘तू कुणाचा, तुला काय काय येतं?’ उत्तरावरून ती आपले मार्ग ठरवते आणि सहसा पुन्हा विचारत नाही. नवा प्रोसेसर त्यातलं एखादं काम करत नसेल, तर प्रोग्राम तिथेच कोसळतो.

उपाय म्हणजे हायपरव्हायजरने मधे पडून दोन्हीकडे जेवढं समान आहे तेवढंच सांगायचं. २००८ मध्ये एएमडी आणि रेड हॅटने इंटेल झिऑनवरचं चालू मशीन ऑप्टेरॉनवर नेऊन दाखवलं. म्हणजे अशक्य नव्हतं.

पण लपवणं म्हणजे बंद करणं नव्हे. यादीतून काढलेली बरीचशी वैशिष्ट्यं न विचारता वापरणाऱ्या प्रोग्रामला चालतातच, आणि तो नव्या जागी आपटतो. शिवाय ६४-बिट सिस्टिमवर ३२-बिट प्रोग्रामने कर्नलला हाक मारायची, तर इंटेलवर सिसएंटर आणि एएमडीवर सिसकॉल, असे दोन वेगळे रस्ते. त्यासाठी केव्हीएमला परका रस्ता सॉफ्टवेअरमधून वठवावा लागला. व्हीएमवेअरच्या ईव्हीसीने एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या पिढ्या जुळवल्या, पण इंटेल आणि एएमडी एका क्लस्टरमध्ये घेतले नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग मशीन बंद करून दुसरीकडे सुरू करावं! बरोबर. बहुतेक वेळा ते चालतं, कारण सुरू होताना ते पुन्हा विचारतं. रात्री पाच मिनिटं थांबता येत असेल तर प्रश्नच मिटला. पण ज्या सेवेला थांबणं परवडत नाही, तिच्यासाठी आज घेतलेला सर्व्हर पाच वर्षांनंतरची खरेदीही बांधून टाकतो. दुसरी कंपनी स्वस्त देत असली तरी.

म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये का होईना, व्हर्च्युअल मशीन उभारणार असाल तर पहिल्याच दिवशी ठरवा, त्याला प्रोसेसरची किती ओळख द्यायची. सगळी दिली तर वेग मिळेल, बेताची दिली तर हलायची मोकळीक. नंतर हे बदलायचं, तर मशीन बंद करावंच लागतं.